पंचबाईंचा बंदोबस्त

बैठकीत बसलेल्या माणसानं खिडकीबाहेर बघू नये, हे मला आता पुरतं कळलं आहे. पण माघाचे दिवस होते, ऊन कोवळं होतं आणि महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या बेल्याच्या मंडल कार्यालयाच्या, म्हणजे तालुका कचेरीच्या, खिडकीतून जिनिंगकडं चाललेल्या कापसाच्या गाड्या दिसत होत्या. गाड्यांमधून कापूस थोडा थोडा उडत होता. त्यातली एक पिंजर, कापसाची हलकी बट, मी नजरेनं धरली. ती रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर गेली, तिथं वाफेत जरा घुटमळली, मग एका बैलाच्या शिंगावर बसते की काय असं वाटत असताना पुन्हा वर उठली आणि उन्हात दिसेनाशी झाली. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात खोलीत टाळ्या वाजल्या. आपण मागं पडू नये म्हणून मीही वाजवल्या.

मंडल क्रीडा समितीनं माझी ‘नेटबॉल पंच सुरक्षा व कल्याण प्रमुख’ या पदावर एकमतानं निवड केली होती. त्या एकमतात माझंही मत धरलेलं होतं.

नेटबॉल हा पोरींचा खेळ आमच्या भागातल्या शाळांमध्ये हल्ली फार वाढला आहे. एका बाजूला सात पोरी, दुसऱ्या बाजूला सात. चेंडू हातात आला की पाय हलवायचा नाही, तो दुसरीकडं फेकायचा आणि शेवटी खांबावरच्या कड्यातून टाकायचा. दोन पंच असतात, दोघं आपापल्या अर्ध्या मैदानाच्या कडेनं पळत शिट्या मारतात. क्रिकेटवर आमच्या गावांमध्ये जेवढी भांडणं होत नाहीत तेवढी या खेळावर होतात, कारण क्रिकेटचे नियम सगळ्यांना ठाऊक आहेत आणि याचे कुणालाच नाहीत. नियम माहीत नसला की माणसाला अन्याय फार लवकर दिसतो. मग तो पंचाकडं धावतो.

मी घरी येऊन बायकोला, भाग्यश्रीला, पद सांगितलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळं तिला सगळं दोनदा सांगावं लागत नाही.

“पंचाची सुरक्षा तुमी करान?” ती म्हणाली. “मांगच्या हप्त्यात मांजर आलं त तुमी पाय वर घेऊन खुर्चीवर बसले होते.”

मी तेव्हा मनातल्या मनात एका मोठ्या छत्रीचा रंग ठरवत होतो. छत्रीखाली पंच, शेजारी माठ, माठावर ओलं फडकं, आणि दूरवर प्रेक्षक हात जोडून उभे. चित्र फार सुरेख जमलं होतं.

पण मंजुषाबाई भेटल्या आणि छत्री मिटली. मंजुषाबाई नार्नूरच्या एका शाळेत पीईटी, म्हणजे खेळाच्या बाई. पोटासाठी मास्तरीण आणि हौसेसाठी पंच. गेल्या हंगामात एका गावात त्यांनी शेवटच्या क्षणी शिटी मारली, पन्नासेक पोट्ट्यांनी त्यांना घेरलं, कुणीतरी मागून शिटीची दोरी ओढली, आणि त्या पडून त्यांचं मनगट मोडलं. आता बेला विरुद्ध जैनथ हा सामना त्यांच्याकडं होता, आणि वरच्या दर्जाच्या पंचाची परीक्षा म्हणून तो बघायला हैदराबादहून एक परीक्षक यायचे होते. पास झाल्या तर राज्याच्या सामन्यांत शिटी मारायला मिळणार होती.

“पन घरी ठरलं हाये सर,” त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांचं ते मनगट अजून जरा वाकडंच होतं. “माहा नवरा संतोष म्हनते, ह्या खेपेले एक खरोच जरी आली त शिटी बंद. सासूबाईबी तेच म्हनते. अन् त्यायचं चुकते असंबी नाई. म्हनून मले हारतुरे नको, छत्री नको. मले शिटी वाजवू द्या अन् अख्खीच्या अख्खी घरी पोचवा.”

“अख्खीच्या अख्खी पोचवतो,” मी म्हणालो. शब्द देताना माझा आवाज इतका भारी निघाला की मलाच भरून आलं.

पहिलं पाऊल अर्थातच पोलीस ठाणं. मी सरकारी माणूस आहे, सरकारी दरवाज्यावर माझा विश्वास आहे. तिथले जमादारसाहेब तेलुगू, पण आमच्याशी ते दख्खनी हिंदीत बोलतात.

“बंदोबस्त कायकू होना? जुलूस है?”

“नाई साब. खेल है.”

“जत्रा है? इलेक्शन है? इम्तेहान?”

इम्तेहान म्हटल्यावर मला आशा वाटली. मी म्हणालो, एका अर्थी इम्तेहानच आहे, पंचबाईंचं. त्यांनी विचारलं, परीक्षार्थी किती? मी म्हणालो, एक. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“अच्छा, ये बोलो. अंपायर को कितने लोगां मारने वाले हैं?”

मी दचकलो. “कोई नहीं मारेगा साब.”

“फिर बंदोबस्त कायकू?”

“मतलब... मार भी सकते हैं.”

“अंदाजन कितने?”

“पन्नास?”

“पचास लोगां मारने वाले हैं तो गेमइच कैन्सल करो,” ते म्हणाले आणि चहा मागवला. मलाही पाजला. शेवटी असं ठरलं, की मारामारी झालीच तर मी लगेच फोन करायचा आणि ते लगेच येतील. मी आभार मानून बाहेर पडलो. रस्त्यानं येताना माझ्या लक्षात आलं की सुरक्षा प्रमुखाला जे आधी करायचं असतं ते मला नंतरसाठी मिळालं होतं.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्या गल्लीत सल्ला द्यायला कुणी घराबाहेर पडत नाही, ओट्यावरूनच देतात. समोरचे नागोराव कापूस-सोयाबीन करतात आणि त्यांचा सगळा जन्म रानडुकरांशी लढण्यात गेला आहे.

“चंपतराव, डुक्कर अन् पब्लिक एकच,” ते म्हणाले. “बाभळीच्या काट्याचं कुंपन घाला चारीकडून. एक बी आत येनार नाई.”

मला ते पटलं. दोन बैलगाड्या भरून काटे आले आणि मैदानाच्या तीन बाजूंना कुंपण उभं राहिलं. चौथ्या बाजूला काटे पुरले नाहीत. नागोराव म्हणाले, डुक्कर नेहमी उगवतीकडूनच येतं, मावळतीची बाजू उघडी राहिली तरी चालते.

मग नागोरावांचा पुतण्या प्रवीण म्हणाला, कुंपणावरून दगड येतील त्याचं काय? पंचाला उंचावर बसवा. त्यांच्या ज्वारीच्या वावरात पाखरं हाकायचं मचाण आहे, तेच आणू. दुसऱ्या दिवशी मचाण मैदानाच्या कडेला उभं राहिलं. सुरक्षा प्रमुख या नात्यानं पाहणीसाठी मी वर चढलो.

वरून काय दिसतं म्हणून सांगू! लांबवर पैनगंगेची पांढुरकी रेघ, पलीकडचा महाराष्ट्र धुक्यात विरघळलेला, अलीकडं वेचून झालेल्या पऱ्हाट्यांची तपकिरी रानं, मध्येच एखाद्या उशिराच्या वावरात राहिलेला पांढरा ठिपका. जिनिंगच्या पंख्याचा आवाज एकसुरी येत होता. वारा मंद होता, ऊन पाठीवर हात फिरवत होतं. आपण पंच आहोत आणि खाली सगळं जग नियमाप्रमाणं चाललं आहे असं मला वाटू लागलं. मी एक-दोन निर्णयही दिले. जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि खालची शिडी प्रवीण हळदीच्या मांडवासाठी घेऊन गेला होता. मी बऱ्याच हाका मारल्या. खालून जाणाऱ्या दोन बायकांनी वर पाहिलं, आणि एक दुसरीला म्हणाली, “ह्या साली मानूस ठेवला वाटते राखनीले.”

मंजुषाबाईंना मी मचाणाबद्दल फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं.

“सर,” त्या म्हणाल्या, “पंचाले पळा लागते. लाइनीच्या कडेनं. सारखं.”

हे मला माहीत होतं. मीच तर तुम्हाला वर सांगितलं. पण मचाणावर बसल्यावर ते आठवलं नाही, एवढं ते मचाण चांगलं होतं.

मी खचून ओट्यावर बसलो असताना मथुराबाई आली. मथुराबाई म्हणजे आमच्या गावची भाजीवाली. स्वतःच्या मळ्यातली भाजी स्वतः डोक्यावर आणून विकते, आणि वांगी निवडता निवडता गावाचे निकाल लावते. तिची नात शुभांगी बेल्याच्या संघात बचावाला खेळते, तेव्हा या सामन्यात तिचं स्वतःचं घरचं माणूस होतं.

“काऊन तोंड पाडून बसले साहेब?”

मी सगळं सांगितलं. मोडलेलं मनगट, सासू, शिटी, सगळं. मथुराबाईनं वांगं हातातच ठेवलं.

“मायबाप हाये का तिले?”

“नाहीत. किनवटकडचं माहेर होतं, आता घरही नाही म्हणाल्या.”

“मंग त्याच्यानंच पडली थे पोरगी,” मथुराबाई म्हणाली. “मांगं कोनी नाई म्हनून दोरी ओढली. साहेब, तिले गावची लेक करा. साडीचोळी करू, जेवू घालू. लेकीच्या अंगाले बेल्यात कोन हात लावते थे मी पायतो.”

मी उठून उभा राहिलो. इतका सोपा, इतका सुंदर उपाय! पोलीस नको, काटे नकोत. सगळं गाव बाप, सगळं गाव भाऊ. मला डोळ्यांसमोर दिसू लागलं: मंजुषाबाई शिटी मारताहेत आणि गाव कौतुकानं म्हणतंय, पाहा आमची पोरगी कशी वाजवते. भाग्यश्री आतून म्हणाली, “अहो, पंच एका गावाची लेक झाली त दुसरं गाव काय म्हनन?” पण मी तोवर साडीच्या रंगापाशी पोचलो होतो.

दुसरं गाव काय म्हणेल ते संध्याकाळीच कळलं. जैनथहून उद्धवरावांचा फोन आला. उद्धवराव बी-बियाण्यांचे व्यापारी आणि जैनथच्या संघाचे आश्रयदाते.

“चंपतराव, तुमी पंच दत्तक घेतला म्हने?”

“तसं नाही उद्धवराव, फक्त सुरक्षेसाठी...”

“बरं हाये. मंग आमचीबी लेक थे. आमी काय बिनमायेचे हाओ? आमचीबी साडी, आमचंबी जेवन.”

मी म्हणालो, एका बाईची दोन माहेरं कशी असतील? ते म्हणाले, “नदी दोन राज्याची असू शकते, त बाई दोन गावाची काऊन नाई?” मी लगेच हो म्हटलं. शिवाय मला मनातून वाटलं, की दोन गावांची लेक म्हणजे दुप्पट सुरक्षा.

रविवारी सकाळी मंजुषाबाई आल्या तेव्हा धुकं पुरतं विरलं नव्हतं. मैदानाच्या कडेला दोन मांडव होते, बेल्याचा आणि जैनथचा, आणि दोन्हीकडं चुली पेटल्या होत्या. हैदराबादचे परीक्षक सर गळ्यात ओळखपत्र घालून खुर्चीवर बसले होते आणि हे काय चाललं आहे ते त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, “वेल्फेअर है सर.” त्यांनी मान हलवली. दुसरा पंच आदिलाबादचा सुरज नावाचा सडपातळ तरुण होता. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याला कुणी लेकच काय, जावईसुद्धा केलं नाही. माझंही त्याच्याकडं लक्ष गेलं नाही, हे मी इथं कबूल करून टाकतो.

मथुराबाईनं मंजुषाबाईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटीत नारळ, तांदूळ, खण आणि हिरवी साडी घातली. मंजुषाबाई पांढऱ्या गणवेशात, पायात बूट, गळ्यात शिटी, अशा पाटावर बसल्या होत्या. आधी त्या हसत होत्या. मग मथुराबाईनं त्यांच्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली तेव्हा त्यांचं हसू थांबलं, आणि त्या खाली बघत राहिल्या. मला वाटलं त्या रडतील. मलाच रडू आलं. मग त्यांना उठवून जैनथच्या मांडवात नेलं आणि तिथं पुन्हा पाट, पुन्हा कुंकू, पुन्हा नारळ, आणि निळी साडी. बेल्याच्या बायका म्हणाल्या, पहिल्यांदा माहेरी आलेली लेक माहेरची साडी नेसते. जैनथच्या बायका म्हणाल्या, बरोबर, निळी. त्यावर थोडी बोलाचाली झाली. मंजुषाबाईंनी सांगितलं, पंचाला गणवेशच लागतो. हा नियम दोन्हीकडच्या बायकांना निष्ठुर वाटला.

मग जेवण. पंचानं सामन्याआधी एखादं केळं खावं असं असतं. बेल्याच्या मांडवात कणकेचे भाजलेले रोडगे होते, तुपात बुडवलेले, वरण, वांग्याचं भरीत. जैनथकडं पुरणपोळी होती, तीही तुपात बुडवलेली. लेकीनं कुठंच नाही म्हणायची सोय नव्हती. परीक्षक सरांनाही दोन्हीकडं बसवलं. दोन्ही संघांच्या पोरी जेवल्या. प्रेक्षक जेवले. दगड मारायला आलेले काही पोट्टे असतील तर तेही जेवले. मी स्वतः, मैदानाच्या कडेनं गस्त घालत, तीन वेळा जेवलो.

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सामना सुरू झाला आणि सगळं मैदान पेंगू लागलं. माघाचं ऊन, पोटात तूप आणि जिनिंगचा तो एकसुरी आवाज. कापसाची पिंजर हवेत हळूहळू तरंगत होती, आणि चेंडूही तसाच, घाई नसल्यासारखा, या हातातून त्या हातात जात होता. पोरी झोपेत चालल्यासारख्या पळत होत्या. परीक्षक सरांची हनुवटी छातीला लागली होती. मांडवात एक म्हातारा मान मागं टाकून घोरत होता, आणि त्याच्या मिशीवर कापूस बसला होता. मंजुषाबाई तेवढ्या कडेनं पळत होत्या, जड पोटानं, घामाघूम, पण डोळे लख्ख उघडे. आणि पलीकडच्या कडेनं तो उपाशी सुरज हरणासारखा पळत होता. मधूनच शिटी वाजे, आणि ती फार दुरून, एखाद्या दुसऱ्या गावातून आल्यासारखी ऐकू येई. मला वाटलं, साधलं. जगातला सगळ्यात सुरक्षित पंच मी उभा केला. सगळेच झोपले तर मारील कोण?

सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा सुरू झाला तशी लोकांना जाग येऊ लागली. आणि जाग आल्यावर माझी चूक मला दिसली.

मंजुषाबाईंनी बेल्याविरुद्ध शिटी मारली. पूर्वी अशा वेळी पोट्टे शिव्या देत. आता मांडवातून एक म्हातारी रडवेल्या आवाजात ओरडली, “अवं पोरी, आताच त रोडगा खाल्ला ना आमचा!” दुसऱ्याच क्षणी त्यांनी जैनथविरुद्ध मारली. उद्धवराव उभे राहिले. छातीवर हात ठेवून म्हणाले, “बाई, मी तुले निळी साडी स्वतः निवडली व.” मग दर शिटीला हेच. कुणी शिवी देत नव्हतं, कुणी काही फेकत नव्हतं, सगळे फक्त दुखावले जात होते. माझ्याच्यानं ते बघवेना. शिवी अंगावरून झटकता येते, पण हे कसं झटकायचं? मंजुषाबाईंचं तोंड लाल झालं होतं. शिटी मात्र त्यांची एकदाही चुकली नाही. त्या नियम बोलत, हातानं खूण करत आणि पुढं पळत.

शेवटची वेळ आली तेव्हा दोन्हीकडचे गोल सारखे झाले होते. चेंडू जैनथच्या नेमबाज पोरीच्या हातात होता, कड्याखाली. तिच्यासमोर हात उंच करून बेल्याची शुभांगी. मथुराबाईची नात. नियम असा, की हात वर करून अडवायचं तर चेंडूवालीपासून तीन फूट लांब उभं राहायचं. सगळं गाव उभं होतं. परीक्षक सरही जागे होते.

शिटी वाजली.

“शुभांगी, अंतर!” मंजुषाबाई म्हणाल्या आणि बोट दाखवलं. शुभांगीला बाजूला उभं राहावं लागलं. जैनथच्या पोरीनं मोकळ्या कड्यात चेंडू टाकला. वेळ संपली. बेला हरलं.

मग मावळतीच्या उघड्या बाजूनं, जिथं काटे पुरले नव्हते तिथून, बेल्याचे पोट्टे आत आले. मी शब्द दिला होता. रस्त्याच्या कामावरून मागून आणलेलं नारिंगी जाकीट मी घातलेलं होतं, त्याची चेन वर ओढली आणि धावलो. तेवढ्यात पोट्ट्यांच्याही पुढं, पदर खोचून, मथुराबाई तीरासारखी मंजुषाबाईंकडं निघालेली दिसली. चेहरा असा, की मी वांग्याच्या भावावरूनसुद्धा तो कधी पाहिला नव्हता. मी तिच्या वाटेत हात पसरून आडवा उभा राहिलो. “मथुराबाई, आधी माझ्यावरून...” एवढंच माझ्या तोंडून निघालं. तिनं मला एका हातानं बाजूला केलं. तो हात रोज भाजीची पाटी उचलतो. मी मागं मागं गेलो, बराच गेलो, आणि नागोरावांच्या कुंपणात बसलो.

पुढचं मी तिथूनच पाहिलं. उठणं शक्य नव्हतं.

“तीन फूट नोतं?” मथुराबाई मंजुषाबाईंसमोर उभी राहून ओरडली. “पट्टी लावून पायलं का व तुनं? सकाळी ओटी भरली अन् संध्याकाळी माह्याच नातीवर उठली?”

सामनाभर मंजुषाबाई नियमापलीकडं कुणाला एक शब्द बोलल्या नव्हत्या. पंचानं बोलायचं नसतं. आता सामना संपला होता. त्यांनी शिटी गळ्यातून काढली, मुठीत धरली, आणि त्यांचाही आवाज चढला.

“नोतं माय! दोन फुटावर होती तुयी नात! माह्या डोयानं पायलं मी! तिले सकाळीच सांगितलं होतं, पाय मांगं ठेव. आयकलं का तिनं?”

“मोठी आली सांगनारी!”

“हाओ, आली! तूच बसवलं ना पाटावर? मंग आयक आता!”

पोट्टे येऊन थबकले. एकानं, सगळ्यात पुढच्यानं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मथुराबाई गर्रकन वळली.

“तू काय पायतं रे? मायलेकी भांडून राह्यल्या इथं. सर मांगं!”

आणि ते सरले. आमच्याकडं कुणाच्याही भांडणात माणसं पडतात, भावाभावांच्या, नवराबायकोच्या, दोन पक्षांच्या. पण माय आणि लेक भांडत असताना मधे पडायची हिंमत बेल्यात काय, नदीच्या दोन्ही तीरांवर कुणात नाही. पोट्ट्यांनी आपोआप वाट केली. त्या वाटेनं त्या दोघी भांडत भांडत निघाल्या, हातवारे करत, मैदानातून, मांडवापाशी, तिथं हिरवी साडी आणि नारळ पिशवीत घालताना भांडत, निळी साडी वर ठेवायची की खाली यावर भांडत, थेट रस्त्यावरच्या ऑटोपर्यंत. मंजुषाबाई आत बसल्या. मथुराबाईनं बाहेरून आणखी दोन वाक्यं ऐकवली, मग एकदम त्यांचं ते वाकडं मनगट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

“दिवाळीले येजो,” ती म्हणाली, तशाच रागीट आवाजात. ऑटो गेला. मंजुषाबाईंच्या अंगावर एक खरोचसुद्धा नव्हती.

त्या दिवसातला एकमेव जखमी म्हणजे पंच सुरक्षा व कल्याण प्रमुख. रात्री भाग्यश्रीनं मला पालथं झोपवून सुईनं काटे काढले. मधूनच थांबून ती पदरात हसून घेत होती. काढताना ती म्हणाली, त्या सुरजला तिनं मांडवामागं नेऊन दोन रोडगे दिले होते, नाहीतर पोरगं चक्कर येऊन पडलं असतं. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिलो.

परीक्षक सरांचा निकाल मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो तेव्हाच ऐकला होता. उभ्यानंच, कारण मला बसवत नव्हतं. ते म्हणाले, “अंपायर तो फर्स्ट क्लास है जी. पास. मगर रिश्तेदार भोत हैं.” मग त्यांनी नियम सांगितला: ज्या संघात आपलं नातं आहे, त्या संघाच्या सामन्यात पंच म्हणून उभं राहता येत नाही. मी म्हणालो, सर, ते नातं तर सुरक्षेपुरतं होतं. ते मान हलवत बसमध्ये चढले.

मी मंजुषाबाईंना फोन केला. संतोषनं परवानगी दिली होती, सासूबाईंनी निळी साडी स्वतःसाठी ठेवून घेतली होती, राज्याच्या सामन्यांचं बोलावणं येणार होतं. मग मी चाचरत परीक्षकांचा नियम सांगितला आणि म्हणालो, आपण त्यांना कळवू की हे नातं खरं नाही.

“नाई सर,” त्या म्हणाल्या. “बेल्याचा अन् जैनथचा सामना आता मले देऊच नका.”

मी हिरमुसलो. एवढे कष्ट, एवढे काटे, आणि बेल्याला पंच उरला नाही.

महिन्याभरानं बेल्याचा पुढचा सामना झाला. पंच म्हणून सुरज होता, आणि या वेळी त्याचं केळं मी स्वतः आणलं होतं. कुंपण नाही, मचाण नाही, ओटी तर नाहीच. ऊन आता जरा तापलं होतं, हवेतला कापूस संपत आला होता, आणि मी सावलीत उभा राहून एका उरल्यासुरल्या पिंजरीमागं डोळे लावून होतो. तेवढ्यात सुरजनं बेल्याविरुद्ध शिटी मारली आणि बायकांच्या घोळक्यातून एवढा मोठा ओरडा उठला की ती पिंजर माझ्या नजरेतून सुटली.

“अरे, तीन फूट नाई का थे? डोये हायेत का बटनं?”

आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळलो. हिरवी साडी नेसलेल्या, मथुराबाईच्या खांद्याला खांदा लावून, मूठ उगारून मंजुषाबाई उभ्या होत्या. सुरज घाबरून माझ्याकडं बघत होता. कर्तव्य कर्तव्य असतं. मी जाकिटाची चेन वर ओढली आणि त्यांच्याजवळ गेलो.

“बाई,” मी हळूच म्हणालो, “पंच आहे तो. त्याची जबाबदारी माझ्यावर आहे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“मंग त्याले नीट पाहाले सांगा ना सर,” त्या म्हणाल्या. “माह्या माहेराले हरवून राह्यला थो.”